सुपर बोलचा एमव्हीपी क्वार्टरबॅकसाठी राखीव नाही

अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, म्हणजे सुपर बोल, आटोपली की सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराबद्दल, म्हणजे एमव्हीपीबद्दल, दरवर्षी तोच मजकूर फिरू लागतो: "सुपर बोलचा एमव्हीपी म्हणजे जिंकलेल्या संघाच्या क्वार्टरबॅकला आपोआप मिळणारं बक्षीस. हरलेल्यांना कुणी विचारत नाही आणि सगळं ठरतं चाहत्यांच्या मतांवर."

क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू. आधी 'आपोआप'चं बघू. 2025 पर्यंतच्या 59 सामन्यांत 34 वेळा क्वार्टरबॅक निवडला गेला. निम्म्याहून जास्त, कबूल. पण बाकीच्या 25 पैकी नऊ वेळा बचावफळीनं बाजी मारली. 1978 मध्ये तर डॅलसच्या हार्वी मार्टिन आणि रँडी व्हाइट या दोघांना हा मान विभागून दिला होता. 1997 मध्ये ग्रीन बेचा डेझमंड हॉवर्ड किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना लाथाडलेला चेंडू, झेलून 99 यार्ड धावला आणि एमव्हीपी ठरला. त्याच संघाचा क्वार्टरबॅक होता ब्रेट फार्व्ह, म्हणजे काही साधासुधा गडी नव्हे. खुद्द टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकनं सुपर बोल जिंकले सात, एमव्हीपी पाच. 2005 मध्ये डीऑन ब्रांच आणि 2019 मध्ये ज्युलियन एडलमन, म्हणजे त्याचेच पास झेलणारे, त्याच्यावर मात करून गेले.

हरलेल्यांबद्दलचं म्हणणं जवळजवळ खरं आहे. अपवाद एकच: 1971 मध्ये डॅलस बाल्टिमोरकडून 16-13 असं हरलं, तरी एमव्हीपी डॅलसचा चक हाऊली. त्यानं प्रतिस्पर्ध्यांचे दोन पास मधल्यामध्ये पकडले होते.

चाहत्यांचं मात्र साफ चूक. त्यांना मत मिळालं तेच 2001 पासून, आणि त्याचं वजन फक्त 20 टक्के. उरलेले 80 टक्के पत्रकार आणि समालोचकांच्या हातात.

क्वार्टरबॅकला झुकतं माप मिळतं ही तक्रार खोटी नाही, आणि तिचं सर्वांत बोचरं उदाहरण 2017 चं. ब्रेडीचं न्यू इंग्लंड 28-3 असं मागे पडलं होतं, तिथून जादा वेळेत 34-28 जिंकलं. त्यांच्या जेम्स व्हाइटनं 14 पास झेलले, तीन टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला), एकट्यानं 20 गुण मिळवले. विजयी टचडाउनही त्याचाच. एमव्हीपी? 466 यार्डांचे पास फेकणारा ब्रेडी. माझं मत तेव्हाही व्हाइटलाच होतं. पण याचा जाब विचारायचा तर पत्रकारांना विचारा, चाहत्यांना कशाला?