२० अंशांचा हट्ट

ग्लासगोला एमएस्सी करायला गेलो आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला शिकून आलो. यातलं पहिलं तेवढं बाबा चारचौघांत सांगतात.

तिथल्या डार्करूममध्ये सरांचा एकच घोष: डेव्हलपर २० अंश! डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. जानेवारीत नळाचं पाणी हाडात शिरायचं, म्हणून किटलीतलं गरम पाणी ओतून ते २० वर चढवायचो. एचपी फाइव्ह फिल्म, आयडी-इलेव्हन डेव्हलपर, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला फिल्मची छोटी बंद टाकी चारदा उलटीसुलटी. एवढं काय अवघड, म्हणत सगळं सामान घेऊन सुट्टीला सोलापुरात उतरलो. महिना मे.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३९ निघालं. नळ चार दिवसांआड, त्यामुळं तो विषयच नाही. राहिला माठ. तो २७ वर होता आणि त्याच्यापुढं आई होती. "प्यायला पुरंना, आणि तू फोटोला पाजायलास?" शेवटी सरबताचा बर्फ टबात ओतून त्यात बाटली उभी केली. पारा २० वर टेकला. आता फक्त रोल टाकीत भरायचा.

धाकट्यानं उत्साहानं देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काढून आणला. लाल उजेड फोटोच्या कागदाला चालतो, फिल्मला तोही चालत नाही, हे सांगितल्यावर त्याचा या विद्येवरचा विश्वासच उडाला. मग बाथरूमच्या खिडकीला एक चादर, दाराच्या फटीला दुसरी. सोलापुरात निदान चादरींना तोटा नाही. तिसरी उगाच खांद्यावर घेतली होती, तिच्यानंच पुढं घाम पुसला.

फिल्म टाकीतल्या चक्रीवर गुंडाळून चढवताना हात कोरडे लागतात. त्या भट्टीत माझ्या कोपरावरून घाम ओघळत होता. दोन वेढे सरळ गेले, तिसऱ्याला फिल्म चिकटली. ओढली, तर खाडकन बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यात दारावर आजी.

"काय करायलास रे आत? तासभर झाला."

"फिल्म चढवतोय!"

"पोट धरलंय का? ओवा देऊ?"

"उघडू नकोस!"

"अंधारात कशाला बसलायस मग? बॅटरी आणते, थांब."

दाराला पाठ लावून उरलेला रोल चढवला. बाहेर आलो तेव्हा टबात नुसतं पाणी आणि पारा २८ वर. शेजारच्या काकूंकडचा बर्फ आणून २४ पर्यंत उतरवला आणि हात टेकले. कुठल्या तापमानाला किती मिनिटं, याच्या तक्त्यात २४ अंशांनाही वेळ दिलेला असतो, तो फक्त कमी असतो. हे सरांनीच शिकवलं होतं, मीच २० धरून बसलो होतो.

शेवटची धुलाई तीन पाण्यांत भागते: टाकी भरून आधी पाच वेळा उलटायची, मग दहा, मग वीस. या हिशोबावर आई पहिल्यांदा खूश झाली आणि सांडपाण्यासाठी बादली घेऊन उभी राहिली. त्यात हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन असतं, ते पाणी तुळशीला चालत नाही म्हटल्यावर पुन्हा पूर्ववत.

वेढे एकमेकांना चिकटले होते तिथं डेव्हलपर पोचलाच नव्हता. ३६ पैकी ११ फोटो गेले, त्यात सिद्धेश्वर तलाव अख्खा. आजी मात्र वाचली. ओली निगेटिव्ह तिच्यापुढं उजेडात धरली. चष्मा सारखा करत ती बराच वेळ बघत राहिली.

"तोंड काळंठिक्कर आलंय. पण केस बघ की, एक पांढरा नाही! हाच फोटो मोठा करून आण."