माशांचा जार वेगळा

लातुरात राहून माणसानं कुत्रा पाळावा, मांजर पाळावं, अंगात राजकारण असेल तर चार कार्यकर्ते पाळावेत. मासे पाळू नयेत. बाकीच्यांना पाणी प्यायला लागतं, माशांना राहायला लागतं. ज्या गावानं एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या गावात हॉलमध्ये दिवा लावून ऐंशी लिटर पाणी नुसतं बघायला ठेवणं म्हणजे दुष्काळात दारासमोर जेवणावळ मांडण्यासारखं आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी पाण्याकडं बघतो आणि मग माझ्याकडं. माशांचा नंबर त्यानंतर.

मासे म्हणजे निऑन टेट्रा. जेमतेम तीन सेंटिमीटरचा जीव. अंगावर चमकता निळा पट्टा, त्याखाली शेपटाकडच्या अर्ध्या भागात लाल. "एकदम शांत मासा सर, कुणाच्या अध्यात ना मध्यात," दुकानदार म्हणाला, आणि ते खरंच आहे. फक्त या माशाला एकट्यानं करमत नाही. सहाच्या खाली आणले तर भेदरून झाडामागं दडून बसतात, रंग टाकतात. दहा-बारा असले की निवांत फिरतात. म्हणून डझन आणले. आमचे मामा औशाहून आले, टाकीसमोर खुर्ची ओढून बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बापू, ह्येचा रस्सा कसा करतेत रे?" बाराही मासे तव्यावर ठेवले तरी मामांच्या एका घासाची सोय होणार नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. शेजारच्या आजोबांची शंका निराळी होती. "आपल्या नालीत डासांसाठी सोडतेत, तेच हे?" ते गप्पी, हे निऑन, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. गप्पी फुकट मिळतात, डासांच्या अळ्या खातात. यांचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांनी तोंडानं विचारला नाही एवढंच.

त्याआधीचा काळ तर फारच अवघड गेला. नव्या टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो त्यांनाच मारतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं खातात. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर घरात दिवा लावलेली, फिल्टर घुरघुरणारी, एकही मासा नसलेली टाकी. सासरे आले, चष्मा पुसून टाकीभोवती फिरले आणि मुलीला आत नेऊन हळूच विचारलं, "जावईबापूंचं सगळं ठीक हाय ना?"

आता पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी वाईट नाही, पण काळ्या पाषाणातून येतं, म्हणून जड. कुकरच्या बुडाला पांढरा थर आणि नळाच्या तोटीला खिपल्या. निऑन टेट्राचं माहेर अॅमेझॉनच्या खोऱ्यात, जिथं जंगलातला पाला कुजून पाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर बोअरचा आकडा हजाराच्या वर गेला. जारच्या आरओ पाण्याचा पन्नासच्या आत. नुसतं जारचं पाणीही चालत नाही, थोडे क्षार झाडांना आणि माशांनाही लागतात. मग जार जास्त आणि बोअर थोडं, असं मिश्रण. नळाचं पाणी घ्यावं तर त्यातल्या ब्लीचिंगनं मासे आणि कष्टानं जमवलेले जिवाणू, दोघंही मरणार. हायपोचे खडे टाकून क्लोरीन घालवता येतो, पण नळाच्या दिवशी माशांसाठी बादली मागायची छाती माझ्यात नाही.

त्यामुळं आमच्याकडं माशांचा जार वेगळा. त्यावर बायकोनं मार्करनं "मासे" असं लिहिलंय, आणि ते अक्षर तिच्या नेहमीच्या अक्षरापेक्षा जरा दाबून आलंय. जारवाला दोनदा विचारून गेला, "सर, पाहुणे मुक्कामी हाईत का?" आईनं मात्र थेटच विचारलं. "रेल्वेचं पाणी पिऊन दिवस काढलेले लोक आपण, अन् तू माशाला जारचं पाजूलालास?"

बरं, एवढ्या पैशाचं स्वच्छ पाणी आणून मी पुन्हा ते तांबूस करतो. देशी बदामाची वाळकी पानं टाकली की त्यातलं टॅनिन उतरतं, पाण्याला चहाचा रंग येतो आणि निऑनना घरी आल्यागत वाटतं. शाळेच्या मैदानावर अशी पानं ढिगानं पडतात. मी पिशवी घेऊन ती वेचतो, तेव्हा ओळखीचे लोक गाडीचा वेग कमी करतात आणि पुन्हा वाढवतात. घरी आलेला पाहुणा टाकी बघून म्हणतो, "पाणी गढूळ झालंय, बदला की." हा सल्ला लातुरात कुणी कुणाला सहसा देत नाही.

सकाळचा एक प्रकार ठरलेला. निऑनचा निळा पट्टा हा रंग नाहीच. कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो, म्हणून तो निळा दिसतो. रात्री अंधारात पट्टा फिका पडतो, जवळजवळ विझतो. मुलगी सकाळी दिवा लावते आणि ओरडते, "बाबा, मासे धुतले गेले!" पाच-दहा मिनिटांत सगळे परत निळे. मग मोजणी. कळपातला मासा मोजणं आणि सभेला आलेली गर्दी मोजणं, दोन्हींत आकडा मोजणाऱ्यावर ठरतो. एकदा अकरा येतात, एकदा तेरा. घरात कुणीही मोजलं तरी एक मासा फिल्टरमागं असतोच.

झाडांचं लांबवत नाही. वॅलिस्नेरिया वाढतं, जावा मॉस पसरतं. जावा फर्न तेवढं वाळूत पुरायचं नसतं, त्याचं खोड कुजतं, ते लाकडाला बांधावं लागतं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा त्यात संपला. त्याची चर्चा अजून चालू आहे.

उन्हाळ्याचं सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना दुकानदारानं मला विचारलं होतं, "हीटर देऊ का?" निऑनला बावीस ते सव्वीस अंश मानवतं. टाकीतलं पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि मासे वर येऊन तोंडं हलवत बसतात. उपाय सोपा आहे, पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅन. बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंश उतरतं. म्हणजे घरातला एकमेव चालता टेबल फॅन माशांकडं, आणि अण्णा सदऱ्याची बटणं उघडून पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. लाईट गेली की मी आधी बॅटरीचा एअर पंप शोधायला पळतो. अण्णांनी हे नोंदवून ठेवलंय.

एकदा आईला पुण्य आठवलं. गंगेवर माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, मग घरच्या माशांना का नको? वाटाण्याएवढ्या गोळ्या. निऑनचं तोंड मोहरी मावेल न मावेल असं. गोळ्या तळाला गेल्या, विरघळल्या, पाणी पांढरं झालं. लगोलग अर्धं पाणी बदलावं लागलं, म्हणजे सगळा जार. आई शांतपणे म्हणाली, "मासे तेवढे भुकेले नसतील."

पण त्या उपसलेल्या पाण्यानंच घरातलं वारं फिरलं. ते नायट्रेटचं पाणी फेकवेना, म्हणून कढीपत्त्याला घातलं. मरणाला टेकलेला कढीपत्ता तरारला. मग मोगरा. मग वरच्या काकू तुळशीसाठी तांब्या घेऊन आल्या, पुढच्या रविवारी बादली घेऊन, आणि आता रविवारी माझ्या दारात माशांच्या उष्ट्या पाण्यासाठी नंबर लागतो. वाटप बायकोकडं आहे. परवा ती म्हणाली, "ओ, आठवड्यातून एकदाच का बदलूलालाव? दोनदा बदला की." मी माशांच्या तब्येतीचं सांगायला लागलो. तिनं मधेच तोडलं, "मग टाकी मोठी घ्या."

ज्या कार्डिनल टेट्रांचं मी भीतभीत नाव काढत होतो, म्हणजे लाल पट्टा पार डोक्यापासून शेपटापर्यंत असलेले, त्यांनाही त्याच बोलण्यात मंजुरी मिळाली. तीन फुटी टाकी बघून आलोय. जारवाल्याला अजून सांगितलेलं नाही.