घरातला आपत्कालीन साठा पाण्याने मोजावा

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि सलग चार दिवस नळाला पाण्याचा थेंब आला नाही. घरात त्या वेळी पंधरा किलो तांदूळ, सात-आठ किलो कडधान्ये, पीठ, तेल, साखर, मीठ असे सगळे भरलेले होते, आणि अडचणीच्या दिवसांसाठी आपली तयारी चांगली आहे, असे मी मनापासून समजत होते. पहिल्याच संध्याकाळी कडधान्य भिजत घालण्यासाठी पातेले हातात घेतले आणि तिथेच थांबले. धुवायला पाणी, भिजवायला पाणी, शिजवायला पाणी आणि जेवणानंतर भांडी घासायला पुन्हा पाणी लागणार होते, आणि पिण्याचे म्हणून जेमतेम बारा-तेरा लिटर पाणी घरात शिल्लक होते. पाच माणसांचे महिनाभर पोट भरेल इतके धान्य समोर असूनही ते आम्हाला शिजवून खाता येत नव्हते. ते चार दिवस बिस्किटे, फळे आणि विकतच्या बाटल्यांवर कसेबसे काढले. पण त्या संध्याकाळी जे लक्षात आले, ते मांडण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

आपत्कालीन साठ्याचा विषय निघाला की बहुतेक जण धान्यापासून सुरुवात करतात. धान्य डोळ्यांना दिसते, डब्यांत भरून ठेवता येते, आणि भरलेले डबे पाहून मनाला धीर येतो. पाणी मात्र रोज नळाला येते, त्यामुळे ते साठवण्याची वस्तू आहे असेच वाटत नाही. वास्तविक निरोगी माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरू शकतो, पण पाण्यावाचून काही दिवसच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोरडे धान्य हे न शिजलेले अन्न आहे. त्याला जेवणाचे रूप येण्यासाठी पाणी आणि इंधन दोन्ही लागतात. एक वाटी तांदळाला साधारण दोन वाट्या पाणी लागते, आणि त्यात तांदूळ धुण्याचे पाणी धरलेलेच नाही. म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की, घरातला साठा किती दिवसांचा आहे हे ठरवताना आधी पाणी मोजावे, मग इंधन मोजावे आणि त्यानंतर धान्याकडे वळावे.

पाणी किती असावे, याबद्दल निरनिराळ्या देशांच्या शासकीय सूचना वाचल्या, तर आकड्यांत फरक दिसतो, पण त्यामागचा विचार सारखाच आहे. अमेरिकेत दर माणशी दर दिवशी एक गॅलन, म्हणजे जवळपास ४ लिटर पाणी धरायला सांगतात. त्यात पिणे, थोडा स्वयंपाक आणि हात-तोंड धुणे येते. जपानमध्ये माणशी ३ लिटर धरून किमान तीन दिवसांचा आणि शक्य असल्यास आठवड्याचा साठा ठेवण्याचा सल्ला दिला जातो. जर्मनीत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून २ लिटर धरतात, पण दिवस दहा. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवून नागरिकांना स्वतःची तयारी ठेवण्यास सांगितले, आणि युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये किमान ७२ तासांची तयारी प्रत्येक घरात असावी असे धोरण मांडले. या देशांतल्या यंत्रणा सक्षम आहेत, तरीही त्या नागरिकांना हे सांगतात, कारण मोठ्या आपत्तीत मदत आधी सर्वांत बिकट ठिकाणी पोहोचते आणि उरलेल्या घरांना पहिले काही दिवस स्वतःच्या बळावर काढावे लागतात.

आमच्या घरात मी माणशी ४ लिटर धरले. पाच माणसांचे दिवसाला २० लिटर होतात, आठवड्याचे १४०. हा आकडा कागदावर फारसा मोठा वाटत नाही, पण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणजे हे १४० किलोचे ओझे आहे. ते माळ्यावर किंवा भिंतीवरच्या फळीवर ठेवणे धोक्याचे आहे. ते जमिनीलगत, सावलीत आणि शक्यतो एकाच ठिकाणी न ठेवता विभागून ठेवावे. मी आधी २० लिटरचे मोठे कॅन आणणार होते, पण सासूबाईंनी सरळ विचारले, "तुम्ही दोघे कामावर असताना गरज पडली, तर हे उचलणार कोण?" त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. शेवटी १० लिटरचे चौदा कॅन घेतले, जे त्यांना उचलता आले नाहीत तरी निदान कलंडवून त्यांतले पाणी काढता येते.

कॅन अन्नपदार्थांसाठी बनवलेल्या प्लॅस्टिकचेच हवेत आणि त्यांत पूर्वी कोणतेही रसायन, कीटकनाशक किंवा रॉकेल ठेवलेले नसावे. दुधाच्या रिकाम्या बाटल्याही टाळाव्यात, कारण कितीही धुतल्या तरी दुधातली प्रथिने आणि शर्करा यांचा अंश आत राहतो आणि त्यावर जंतू वाढतात. नवा कॅन साबणाने धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा घरगुती ब्लीच (कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण) मिसळून ते पाणी आतून सर्व बाजूंना लागेल असे हलवावे, अर्धा मिनिट ठेवून ओतून द्यावे, स्वच्छ पाण्याने खळबळावे आणि मगच भरावा. शुद्ध केलेले नळाचे पाणी असे भरले असेल, तर दर सहा महिन्यांनी बदलावे. आम्ही प्रत्येक कॅनवर भरल्याची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली आहे आणि दर महिन्याला दोन-तीन कॅन बदलतो. जुने पाणी फरशी पुसायला आणि कपडे धुवायला वापरले जाते. त्यामुळे थेंबही वाया जात नाही आणि चौदा कॅन एकाच दिवशी बदलण्याचा, म्हणजेच पुढे तो दिवस कायमचा टळण्याचा, प्रसंग येत नाही.

साठवलेले पाणी संपले आणि मिळेल ते पाणी वापरण्याची वेळ आली, तर सर्वांत भरवशाचा उपाय उकळणे हाच आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट ती टिकू द्यावी. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे. उकळण्याची सोय नसेल, तर ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले, सुगंध किंवा इतर काही न मिसळलेले साधे ब्लीच लिटरमागे २ थेंब टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल, तर आधी स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे आणि थेंब दुप्पट करावेत. ब्लीचचे प्रमाण बाटलीवर वाचूनच थेंब ठरवावेत, आणि वर्षापेक्षा जुन्या बाटलीवर विसंबू नये, कारण ठेवून ठेवून त्याची शक्ती कमी होते. स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवली, तरीही बरेचसे जंतू मरतात. आकाश ढगाळ असेल, तर दोन दिवस लागतात.

तरीही शुद्धीकरणाच्या भरवशावर साठा करणे टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात ईरी सरोवरातल्या नील-हरित शैवालाचे विष आढळले आणि लाखो लोकांना सांगावे लागले की, हे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, कारण उकळल्याने ते विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. उकळण्याने जंतू मरतात, पण रसायने, इंधनाचा अंश किंवा जड धातू तसेच राहतात. दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२१ मधले. टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीजपुरवठा कोलमडला, पाइप गोठून फुटले, पाण्याचा दाब गेला आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली. मात्र त्यांतल्या अनेकांच्या घरी उकळण्यासाठी वीजच नव्हती. वीज, पाणी आणि इंधन या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो, पण पंप विजेवर चालतात, त्यामुळे एक गेली की दुसरी तिच्या पाठोपाठ जाते. वीज गेल्यावर नळाला अजून पाणी येत असेल, तर त्या पहिल्या तासातच घरातली सगळी स्वच्छ भांडी भरून घ्यावीत. घरात पाणी तापवण्याची टाकी असेल, तर तिच्यातले पाणीही उपयोगी पडते, फक्त काढण्यापूर्वी तिची वीज किंवा गॅस बंद करायला विसरू नये.

आता अन्नाकडे वळते. पाणी मोजल्यावर माझी अन्नाची यादी पूर्ण बदलली. धान्य आणि कडधान्ये आजही आहेत, पण पहिल्या तीन दिवसांचे अन्न वेगळे काढून ठेवले आहे आणि त्याची अट एकच आहे: ते पाण्याशिवाय आणि चुलीशिवाय खाता आले पाहिजे. डबाबंद शिजवलेली कडधान्ये, डबाबंद फळे आणि भाज्या, सुका मेवा, शेंगदाण्याचे लोणी, बिस्किटे, मध हे सगळे त्यात येते. डबाबंद पदार्थांतला रससुद्धा फेकू नये, कारण तोही शरीरात पाणीच पोहोचवतो. खारवलेले, फार तिखट किंवा तहान वाढवणारे पदार्थ या साठ्यात मी ठेवत नाही. डबे असतील, तर हाताने चालणारा ओपनरही हवा. १८१० च्या सुमारास पत्र्याचे डबे वापरात आले, त्यानंतर ते उघडण्याचे खास हत्यार निघायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली आणि तोवर लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा उघडूही नये आणि चाखून तर मुळीच पाहू नये, कारण बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूच्या विषाला वास किंवा चव असतेच असे नाही. मध वर्षापेक्षा लहान बाळाला देऊ नये, तेही याच जिवाणूच्या बीजाणूंमुळे.

धान्याच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे. आरोग्याला चांगला म्हणून बिनपॉलिशचा तांदूळ भरपूर साठवला आणि काही महिन्यांत त्याला खवट वास आला. कोंड्यात तेल असते आणि हवेच्या संपर्कात ते बिघडते. पॉलिश केलेला तांदूळ हवाबंद, कोरड्या आणि थंड जागी अनेक वर्षे टिकतो, तर बिनपॉलिशचा साधारण सहा महिनेच. संपूर्ण गव्हाच्या पिठाचेही तसेच आहे, म्हणून साठवायचे असेल तर धान्य साठवावे, पीठ थोडे ठेवावे. सोंडकिडे बाहेरूनच येतात असे नाही. त्यांची अंडी अनेकदा दाण्याच्या आतच असतात. धान्य घट्ट पिशवीत भरून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवले, तर ती मरतात, मात्र नंतर पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर दाण्यांवर ओल धरते.

वीज गेल्यावर सर्वांत आधी फ्रिजमधले अन्न संपवावे. दार उघडले नाही, तर फ्रिज सुमारे चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. स्वयंपाकासाठी कोळशाची शेगडी किंवा बाहेर वापरायचा स्टोव्ह बंद खोलीत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आपत्तीतून वाचलेली माणसे नंतर याच वायूने दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

साठेबाजीचा आरोप मला ऐकावा लागला आहे, आणि त्याला गांभीर्याने उत्तर द्यायला हवे. २०२० च्या मार्चमध्ये अनेक देशांत दुकानांची फडताळे रिकामी झाली, ती त्या आठवड्यात धावत सुटलेल्या माणसांमुळे. जे घर सर्व काही सुरळीत असताना दर खेपेला दोन डबे जास्त आणते, ते संकटाच्या दिवशी रांगेत उभे राहत नाही आणि त्याच्या वाट्याचे सामान दुसऱ्या कोणाला मिळते. जपानमध्ये यासाठी सोपी रीत सुचवली जाते: नेहमी खाता तेच थोडे जास्त ठेवा, जुने आधी खा आणि खाल्ले तेवढे परत आणा. ज्यांचा महिना ओढाताणीत जातो, त्यांच्यासाठी वर्षभराचे अन्न साठवण्याच्या गोष्टी निरर्थक आहेत, पण धुतलेल्या बाटल्यांत पाणी भरून ठेवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि म्हणूनही सुरुवात पाण्यापासून करावी असे मी म्हणते.

तान्ह्या बाळाचे दूध, ज्येष्ठांची रोजची औषधे, आजारी माणसाचे पथ्य हे सामान्य यादीत कधीच नीट बसत नाही. प्रत्येक घराने ते स्वतःच ठरवावे. स्तनदा माता आणि ताप किंवा जुलाब झालेला माणूस यांना ४ लिटरही पुरणार नाहीत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे प्रमाण मी पहिल्याच कॅनवर लिहून चिकटवले आहे. आणि पाणी कमी आहे म्हणून तहान मारू नये. आज जेवढे लागते तेवढे प्यावे आणि उद्याचे शोधावे.

त्या चार दिवसांतली एक गोष्ट अजून सांगायची राहिली. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी तांब्या घेऊन दाराशी आल्या होत्या. आम्ही त्यांना तो भरून दिला, पण देताना माझी नजर आपल्याकडे किती उरले याच्यावर गेली आणि ती त्यांनीही पाहिली. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मीच वर जाऊन पाणी देऊन आले. त्यानंतर मी हिशेब पुन्हा मांडला. सहा माणसांचे दिवसाला २४ लिटर, आठवड्याचे १६८. आता आमच्याकडे सतरा कॅन आहेत, आणि त्यांतले तीन त्यांच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, तोटी लावून ठेवलेले आहेत.