रिजायनाची ती हाडं माणसांची नव्हेत

कॅनडातलं रिजायना शहर 'लढाईत मेलेल्यांच्या हाडांवर' वसलं, असा मेसेज फिरतोय. मीही तो दोन ग्रुपवर पाठवला होता; चूक माझी.

ती हाडं बायसनची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गव्यासारख्या रानटी प्राण्याची. तिथले मूळ रहिवासी असलेले क्री लोक शिकारीनंतर ओढ्याकाठी ती रचून ठेवत. त्यांच्या भाषेतलं जागेचं नावच 'हाडं रचलेली जागा' असं आहे. ओढ्याच्या 'वस्काना' नावात ते आजही ऐकू येतं. 1882 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे तिथे पोचली, राणी व्हिक्टोरियाच्या मानार्थ 'रिजायना' (लॅटिनमध्ये 'राणी') नाव पडलं आणि 1883 मध्ये तेव्हाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडातल्या प्रदेशाची राजधानी बॅटलफर्डहून इकडे आली. पुढे हीच हाडं खतासाठी रेल्वेने बाहेर गेली.

क्री लोकांची आठवण अशी विकृत होऊ नये. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.