'उत्पादनाचं जनुक' आणि हरभऱ्याची मुळं

नमस्कार. हरभऱ्याच्या बियाण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, आजोबा शेतात फिरून नुसत्या नजरेनं हरभऱ्याचं बी धरायचे, त्यांना कुठला मार्कर, म्हणजे हवा तो गुण ओळखायची डीएनएमधली खूण, लागला नाही. आणि 'उत्पादनाचं जनुक सापडलं' असलं काही मुंबईत पंख्याखाली बसून लिहायला सोपं असतं.

पंख्याचं खरं आहे. आणि तो शब्दप्रयोगही माझाच, साफ चुकलेला. असं एक जनुक नसतंच. झाडाला घाटे किती, घाट्यात दाणे किती, शंभर दाण्यांचं वजन किती, या सगळ्यांतून एकरी उतारा ठरतो. त्यात एक वाढवावं तर दुसरं घटतं. टपोऱ्या दाण्याच्या वाणाला घाटे बहुधा कमीच. मार्करही बहुतेकदा जनुक नसतो, जनुकाच्या शेजारची खूण असते. खूण जनुकापासून लांबची असली तर पुढच्या पिढीत दोघांची फारकत होऊ शकते.

आजोबांच्या नजरेबद्दल तर मी तुमच्याच बाजूचा. दाण्याचं वजन पिढीजात बऱ्यापैकी उतरतं, म्हणून तशी निवड फळते. मी चेंबूरला राहतो. इथून जवळच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला टीएयू-१ उडीद अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीनं १९८५ साली आला, तोही मार्करशिवाय.

पण आजोबांना मुळं कशी दिसणार? कोरडवाहू हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो आणि नेमकी घाटे भरताना ती ओल सरते. तिथे मुळं कामाला येतात. ती बघायची तर झाड उपटा, धुवा, मोजा. आणि उपटलेल्या झाडाचं बी कसं धरणार? इथे मार्कर कामाला येतो: तो तपासायला रोपाच्या पानाचा तुकडा पुरतो, झाड उभंच राहतं. आयसीसी ४९५८ या हरभऱ्याच्या वाणाच्या चौथ्या गुणसूत्रावर डीएनएचा एक पट्टा सापडला, मुळांशी आणि दाण्याच्या वजनाशीही जोडलेला. तो साध्या संकरानं, परकं जनुक न घुसवता, पुसा ३७२ या दुसऱ्या वाणात आणला आणि २०१९ साली पुसा चिकपी १०२१६ हा नवा वाण आला. ओलीच्या ताणात त्याचा उतारा पुसा ३७२ पेक्षा साधारण १२ टक्के जास्त. चमत्कार नव्हे, पण कोरडवाहूवाल्याला विचारा.

लेखातला तो शब्द आज बदलतो. आजोबांची जमीन भारी होती की मुरमाड, तेवढं कळवा. मुरमाड असेल तर त्यांनी नकळत मुळंही निवडली असतील, आणि मग मला अजून एक वाक्य मागे घ्यावं लागेल.