टीचर्स हायलँड क्रीम : सावकाश चाखण्याजोगी व्हिस्की

मित्रहो,

सोलापुरात व्हिस्कीचा विषय निघाला की तो बहुधा किमतीपाशी सुरू होतो आणि किमतीपाशीच संपतो. सिंगल माल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीची, बाटली असेल तर ती हातोहात फिरते, लेबल वाचले जाते, फोटो काढले जातात. टीचर्स, हंड्रेड पायपर्स किंवा व्हॅट ६९ असेल तर मात्र ग्लासात थेट सोडा ओतला जातो, वर बर्फाचे चार खडे पडतात आणि पहिला पेग कुणाच्या लक्षात येण्याआधीच संपलेला असतो. मला हे मनापासून खटकते. खिशाला परवडणारी ब्लेंडेड स्कॉच ही महागड्या स्कॉचची गरीब नातेवाईक नव्हे; ती वेगळ्या कौशल्याने घडवलेली व्हिस्की आहे आणि तिला तिचा वेळ दिला तर ती पुष्कळ काही देते. हे मी टीचर्स हायलँड क्रीमच्या आधाराने मांडतो, कारण परवडणाऱ्या स्कॉचमध्ये माझी सर्वांत जवळची ओळख तिच्याशी आहे.

ब्लेंड म्हणजे भेसळ, असा समज अनेक सुशिक्षित माणसांच्याही मनात असतो. प्रत्यक्षात ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्ट व्हिस्की आणि ग्रेन व्हिस्की यांचा मेळ. माल्ट व्हिस्की केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भट्टीत, सहसा दोनदा ऊर्ध्वपातन करून काढतात. ती दाट, तैलसर आणि ठसठशीत असते. ग्रेन व्हिस्कीत गहू किंवा मका वापरतात आणि ती उंच स्तंभांच्या यंत्रात अखंड चालणाऱ्या प्रक्रियेने निघते; ती हलकी आणि गोडसर असते. हे यंत्र ईनियस कॉफी या आयरिश गृहस्थाने १८३० साली पेटंट केले. पुढे १८६० च्या ब्रिटिश कायद्याने कर भरण्यापूर्वीच, गोदामात असताना माल्ट आणि ग्रेन एकत्र करण्याची मुभा दिली आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी या मिश्रणाला शिस्त आणली. त्याच सुमारास फ्रान्समधील द्राक्षमळे फायलोक्सेरा या किडीने उद्ध्वस्त होत गेले, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि ती जागा ब्लेंडेड स्कॉचने घेतली. आज सिंगल माल्टचा जो दबदबा आहे, त्याच्या कितीतरी आधी स्कॉटलंडचे नाव जगभर नेले ते ब्लेंडने, आणि आजही खपाचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे.

विल्यम टीचर हे ग्लासगोचे. त्यांनी किराणा दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे शहरात मद्याची अनेक दुकाने उभी केली. या दुकानांत धूम्रपानाला बंदी होती आणि एकाने दुसऱ्याला पाजण्यासही मनाई होती. ज्याने त्याने आपली प्यावी आणि शुद्धीत घरी जावे, असा दंडक होता. मला हा माणूस त्यामुळेच आवडतो. त्यांच्या निधनानंतर १८८४ मध्ये हायलँड क्रीम हे नाव नोंदवले गेले आणि १८९८ मध्ये त्यांचे चिरंजीव ॲडम टीचर यांनी या ब्लेंडला माल्टचा खात्रीशीर पुरवठा व्हावा म्हणून अ‍ॅबर्डीनशायरमध्ये आर्डमोर डिस्टिलरी बांधली. आर्डमोरमध्ये बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतीजन्य इंधनाच्या, धुरावर वाळवण्याची परंपरा आहे. टीचर्सच्या ग्लासात जो धूर जाणवतो त्याचे उगमस्थान हेच.

आता ‘भारतात बाटलीबंद’ या शेऱ्याबद्दल. लेबलावर तो दिसला की आपल्याकडे लगेच नाके मुरडली जातात. परंतु स्कॉटलंडमध्येच ऊर्ध्वपातन आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरणे, ही कायद्याची अट या व्हिस्कीलाही तितकीच लागू आहे. ती भारतात टाक्यांतून येते, इथे पाणी घालून ठरलेल्या तीव्रतेला आणली जाते आणि बाटलीत भरली जाते. ज्या मूल्यावर आयातशुल्क आकारले जाते ते मूल्यच अशा मालाचे कमी असते, म्हणून ती स्वस्त पडते; आतली व्हिस्की हलकी असते म्हणून नव्हे. उलट ब्रिटनमध्ये टीचर्स ४० टक्के तीव्रतेची मिळते आणि आपल्याकडे ४२.८ टक्क्यांची, म्हणजे आपल्या ग्लासात पाणी थोडे कमीच असते. सिंगल माल्टबाबत मात्र २०१२ पासून नियम असा आहे की ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद झाली पाहिजे, त्यामुळे आयात बाटलीचा सगळा भार तिच्या किमतीवर येतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. त्याने किमती थोड्या उतरतील. पण ज्याला चव घ्यायची आहे त्याने तोवर थांबण्याचे काही कारण नाही.

चव घेण्याच्या बाबतीत सोलापूरकर मागे आहेत, असे मला मुळीच वाटत नाही. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या बाजूने गाडी गेली की काचा बंद असतानाही मळीचा वास आत येतो आणि तो ओळखायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. भारतातील बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीचा पाया हा मळीपासून काढलेला मद्यार्कच असतो. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते. अशी एखादी स्वस्त व्हिस्की आणि टीचर्स शेजारी शेजारी ठेवून हुंगून पाहा. धान्याचा वास आणि मळीचा वास यांतला फरक आपल्या नाकाला लगेच कळतो.

ग्लास निमुळत्या तोंडाचा असावा. नवी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात ब्रँडीचा पोट फुगलेला छोटा ग्लास मिळाला तरी पुरे. उभ्या, रुंद ग्लासातून सगळा वास हवेत उडून जातो. त्यात तीस मिली ओतावी आणि हाताने झाकून दोन मिनिटे ठेवावी. नाक ग्लासात खुपसू नये; ग्लास हनुवटीजवळ धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हलकेच श्वास घ्यावा, म्हणजे मद्यार्काची झणझण बाजूला राहते. मग थोडे पाणी घालावे. पाण्याने व्हिस्की ‘मरते’ असे म्हणणाऱ्यांना एक सांगतो : २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपाच्या साहाय्याने दाखवून दिले की धुरकट वासाला कारण असलेला ग्वायकोल हा घटक मद्यार्काचे प्रमाण उतरवल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे पाण्याने वास नाकाच्या अधिक जवळ येतो. पाणी मात्र चांगले हवे. नळाला काही दिवसांआड येणारे, साठवून ठेवलेले आणि क्लोरीनचा वास असलेले पाणी घातले तर धूर बाजूला राहतो आणि औषधाची चव पुढे येते. उकळून माठात ठेवलेले पाणी मला सर्वांत योग्य वाटते. आपल्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, कपाटातली व्हिस्की तशीच ओतली तर मद्यार्काची वाफ नाकाला झोंबते. अशा दिवसांत बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पण ग्लासात बर्फ टाकू नये, कारण अति थंडीने वासही गोठतो आणि जीभही बधिर होते.

एवढे केल्यावर पहिल्यांदा येतो तो धूर, पण तो एकटा येत नाही. मंगळवेढ्याच्या बाजूला पौष महिन्यात हुरड्याची आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसतात आणि गरम कणीस हातावर चोळताना धूर, कोवळ्या दाण्याची गोडी आणि करपलेल्या कोंड्याचा वास एकदम येतो. टीचर्सचा पहिला वास मला त्याच्या अगदी जवळचा वाटतो. त्यामागून मध येतो, मग पिकलेल्या सफरचंदाचा हलका आंबटगोड वास. पाणी घातल्यावर व्हॅनिला स्पष्ट होते. ग्रेन व्हिस्कीने अमेरिकन ओकच्या पिंपातून आणलेली ही देणगी आहे. घोट जिभेवर दहा सेकंद फिरवला की आधी माल्टची गोडी, मग मिऱ्यासारखा चटका आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला पुन्हा धूर. हा धूर फार वेळ टिकत नाही. पाण्याशिवाय प्यायल्यास मध्येच एक कच्चा, तीक्ष्ण कोपराही लागतो, जो व्हिस्कीच्या कोवळ्या वयाचा आहे. लेबलावर वयाचा उल्लेख नाही, त्यामुळे तो असणारच. या दोन उणिवा मला मान्य आहेत आणि तरीही सिंगल माल्टच्या निम्म्याहून कमी किमतीत इतका सरळ, इतका प्रामाणिक धूर मला दुसऱ्या कुठल्या ब्लेंडमध्ये सापडलेला नाही. ब्लॅक अँड व्हाइट ही दुसरी ब्लेंडेड स्कॉच अधिक गोड आणि गुळगुळीत आहे, नवख्या माणसाला ती आधी आवडेल. जॉनी वॉकरची बारा वर्षांची ब्लॅक लेबल अधिक भरीव आणि गोलाईदार आहे, यात वाद नाही. पण ती त्या मानाने महागही आहे.

चखण्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांवर माझा जीव आहे, पण लसूण आणि तिखट जिभेवर असताना या व्हिस्कीतले मध-सफरचंद सापडणे अशक्य आहे. आधी व्हिस्की चाखावी, सोबत फार तर मीठ न लावलेले भाजलेले शेंगदाणे घ्यावेत, आणि चटणीचे ताट जेवणाला वाढावे. परमिट रूममध्ये हे जमत नाही. तिथला मसाला पापड टेबलावर येतो तो पहिल्या पेगच्याही आधी. म्हणून चाखण्याची बैठक घरीच, तीन-चार जणांची, दोन छोट्या पेगवर थांबणारी असावी. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो, तो काढून ठेवावा. जे पीत नाहीत त्यांनी या लेखामुळे सुरुवात करावी, अशी माझी अजिबात इच्छा नाही.

बाटलीबद्दल शेवटचे. ती वाइनसारखी आडवी ठेवू नये. झाकणाला मद्यार्क लागत राहिला की ते खराब होते. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत तर मुळीच ठेवू नये, आतल्या भिंतीलगतच्या बंद कपाटात उभी ठेवावी. आणि ती पाव उरली की जपून ठेवण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांत संपवावी, कारण बाटलीत हवा वाढली की सर्वांत आधी फिका पडतो तो धूरच.