म्हातारी इमारत, तरुण नफा

अमेरिकेत हजारो फ्लॅटची रीट, म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगून स्वतःचे शेअर विकणारी कंपनी, चालवून अवाढव्य व्हायचं मनात असेल, तर आधी एक खुळी समजूत डोक्यातून काढा : भाडं साठवून वाढता येतं. १९६० साली सिगारवरील कराच्या विधेयकाला शेपूट जोडावं तसा रीटचा कायदा जोडला गेला. त्याची अट अशी, की करपात्र उत्पन्नाचे किमान ९० टक्के लाभांश म्हणून वाटा; वाटलेल्या रकमेवर कंपनीला कर नाही. हाती उरतं ते चण्याफुटाण्यांपुरतं. नवी इमारत हवी, तर झोळी घेऊन बाजारात उभं राहायचं.

झोळी कधी पसरायची, यातच खरी कला. शेअर एफएफओच्या, म्हणजे रीटच्या खास पद्धतीने मोजलेल्या वार्षिक कमाईच्या, पंचवीसपट भावाने खपतोय, म्हणजे भांडवल तुम्हाला ४ टक्क्यांना पडतंय. १० कोटी डॉलरचे नवे शेअर काढा आणि खर्च वजा जाता ५ टक्के देणारी इमारत उचला. वर्षाला ५० लाख येतात, ४० लाखांवर भागलं असतं. प्रतिशेअर कमाई वाढली, तीही एक नळ दुरुस्त न करता! भाव पंधरापटीवर घसरला, की हेच भांडवल साडेसहा टक्क्यांच्या वर जातं आणि प्रत्येक नवी इमारत जुन्या शेअरधारकाच्या ताटातलं खाते. तेव्हा थांबायचं? छे. तेव्हा खरेदीला ‘दीर्घकालीन दृष्टी’ म्हणायचं.

एफएफओ म्हणजे निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवायचा आणि इमारती विकून झालेला नफा वगळायचा. करासाठी भाड्याची निवासी इमारत साडेसत्तावीस वर्षांत झिजते. त्यामुळे करपात्र उत्पन्न घटतं, सक्तीचा लाभांशही घटतो. म्हणजे एकच इमारत करखात्यापुढे काठी टेकत जाते आणि शेअरधारकांपुढे नवरीसारखी नटून येते. छप्पर मात्र दोघांचंही ऐकत नाही, गळतं. नवं छप्पर भांडवली खर्चात टाका, एफएफओवर ओरखडाही उठत नाही. एएफएफओ नावाचा आगाऊ आकडा असला नेहमीचा खर्च वजा करतो खरा, पण त्याची व्याख्या ज्याची त्याने करायची असते. तुम्हीही करा.

‘सेम-स्टोअर’ वाढ, म्हणजे गेल्या वर्षीही हाती असलेल्या त्याच इमारतींच्या उत्पन्नातली वाढ, दाखवताना रडतराऊ इमारत आडवी येतेय? तिचं नूतनीकरण काढा, ती यादीतून आपोआप बाहेर.

भाडेकरूकडे वळताना हिशेब नीट मांडा. तो गेला की रंग, साफसफाई, रिकामे दिवस आणि नव्या माणसाला एक महिना फुकट. त्याला जायचं तर ट्रक, नवं डिपॉझिट, मुलांची शाळा. भाडेवाढ त्याच्या या त्रासापेक्षा जराशी कमी ठेवा. उरलेलं कचरा उचलण्याच्या शुल्कातून आणि मांजराच्या मासिक भाड्यातून काढा. मांजर वाटाघाटी करत नाही.

कर्ज स्थिर व्याजाचं घ्या आणि मुदती वेगवेगळ्या वर्षांत विखरून ठेवा. हा सल्ला कंटाळवाणा आहे, म्हणूनच तेजीत कोणी ऐकत नाही. आर्चस्टोन ही बडी रीट २००७ मध्ये टिशमन स्पायर ही स्थावर मालमत्ता कंपनी आणि लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक यांनी कर्जासकट सुमारे २२ अब्ज डॉलरना घेतली. पुढच्या सप्टेंबरात लेहमनच बुडाली. २०१३ मध्ये ती घरं वाटून घेतली इक्विटी रेसिडेन्शियल आणि ॲव्हलॉनबे यांनी. दोघीही रीटच. तेव्हा आपल्या कर्जाच्या मुदतींचा तक्ता भिंतीवर लावाच. शेजारणीचा मात्र उशाशी ठेवा.